निसान महिन्याची चतुर्दशी व ख्रिस्तवधाचें वर्ष

जुन्या कागदांत तिथि व वार हीं दोन्ही आढळलीं, पण वर्ष दिलेलें नसलें, म्हणजे संशोधक जंत्री उघडून बसतो. ज्या ज्या वर्षीं ती तिथि त्या वारीं पडते तेवढीं वर्षें तो निवडतो, आणि मग कागदांतील माणसें, त्यांचे हुद्दे व मागील-पुढील हकीगत पाहून त्यांतलें एक मुक्रर करतो. ह्याच रीतीनें उलट तपासही होतो. जेधे शकावलींतील शिवजन्माची शके १५५१ फाल्गुन वद्य ३ ही तिथि गणितानें शुक्रवारीं येते व शकावलीनेंही शुक्रवारच लिहिला आहे, ह्या मेळामुळें त्या नोंदीचें वजन पुष्कळच वाढलें. हीच रीत पाश्चात्य पंडितांनीं ख्रिस्ती धर्मग्रंथांतील एका मुख्य प्रसंगास, म्हणजे येशू ख्रिस्ताच्या क्रूसावरील मृत्यूस, लावून पाहिली आहे. त्या खटाटोपांत पंचांगाकडून काय मिळतें, काय मिळत नाहीं, आणि मुळांत तें कोणत्या पंचांगाकडून मागावयाचें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. तारखांविषयीं आपल्याकडे जे वाद चालतात त्यांतही हेच पेच पुन्हा पुन्हा पुढें येतात. त्यामुळें विषय दूरचा असला तरी त्याची रीत येथील अभ्यासकांस परकी वाटूं नये.

प्रथम वर्षांची मर्यादा पाहूं. तिबिर्य कैसराच्या कारकीर्दींत यहूदीयाचा सुभेदार पंतय पिलात ह्याच्या हुकुमानें ख्रिस्तास देहान्त शिक्षा झाली, असें रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. तो ख्रिस्ती नव्हता, उलट त्या पंथाविषयीं त्याचें मत वाईटच होतें, म्हणून ही साक्ष निःपक्ष समजली जाते. पिलाताची कारकीर्द दहा वर्षांची होती, व वरिष्ठांच्या हुकुमावरून जाब देण्यासाठीं तो रोमकडे निघाला असतां वाटेंत असतांनाच तिबिर्य मरण पावला, हें यहूदी इतिहासकार जोसेफस ह्याच्या ग्रंथावरून कळतें. तिबिर्याचा मृत्यु १६ मार्च इ. स. ३७ रोजीं झाला. त्यावरून पिलाताचा अंमल इ. स. २६ ते ३६ असा धरतात. कैसरिया येथील उत्खननांत १९६१ सालीं पिलाताच्या नांवाचा शिलालेख सांपडला. त्यांत त्याचा हुद्दा दिला आहे, सन मात्र नाहीं. म्हणजे आपल्या जंत्रींत दहा-अकरा वर्षांचाच शोध घ्यावयाचा आहे. येथें दिलेल्या सर्व तारखा जुन्या म्हणजे जुलियन पद्धतीच्या आहेत.

वाराविषयीं वाद नाहीं. मत्तय, मार्क, लूक व योहान ह्या चारही शुभवर्तमानांत तो दिवस शब्बाथाच्या आदला, म्हणजे शुक्रवार, असल्याचें दिसतें. सात वारांचें चक्र तेव्हांपासून आजपर्यंत अखंड चालत आलें आहे. १५८२ सालीं पोप ग्रेगरीनें तारखांत दहा दिवसांची उडी घेतली त्या वेळींही ४ ऑक्टोबरच्या गुरुवारानंतर १५ ऑक्टोबरचा शुक्रवारच आला. तेव्हां वार हा ह्या गणितांतला पक्का खुंटा होय.

खरी अडचण तिथीची आहे. यहूदी लोकांचा वल्हांडण सण निसान महिन्यांत येतो. निसानच्या १४ व्या दिवशीं दुपारनंतर यरुशलेमच्या मंदिरांत कोंकरें मारीत व त्याच रात्रीं तीं घरोघरीं खात. परंतु यहूद्यांचा दिवस सूर्यास्तास सुरू होत असल्यामुळें जेवणाची ती रात्र १५ निसानची धरली जाते. कोंकणांतील बेने इस्राएल, ज्यांस आपल्याकडे ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांच्यामुळें शब्बाथ व वल्हांडण ह्या गोष्टी मराठी वाचकांस अगदींच अपरिचित नाहींत. आतां पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणें ख्रिस्तानें शिष्यांसह घेतलेलें शेवटचें भोजन हेंच वल्हांडणाचें भोजन होतें. दुसरे दिवशीं त्यास क्रूसावर दिलें, म्हणजे तो दिवस १५ निसान झाला. योहान मात्र निराळें सांगतो. शुक्रवारीं सकाळीं फिर्यादी पिलाताच्या वाड्यांत शिरेनात, कारण विटाळ होऊन आपणांस वल्हांडणाचें भोजन करतां येणार नाहीं अशी त्यांस धास्ती होती. म्हणजे भोजन व्हावयाचें होतें, आणि तो दिवस १४ निसानचा होता. चौघे साक्षीदार वारावर एक, तिथीवर एका दिवसाच्या फरकानें दोन पक्ष, व वर्ष तर कोणीच देत नाहीं, अशी ही स्थिति आहे.

निसान हा साधारणतः आपला अमान्त चैत्र. त्यामुळें निसानची चतुर्दशी वा पंचदशी म्हणजे बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आगचीमागची रात्र, असें वाचकानें स्थूलमानानें समजण्यास हरकत नाहीं. परंतु तेवढ्यावर विसंबून मात्र चालणार नाहीं. आपली तिथि चंद्र-सूर्यांतील अंतरावरून, दर बारा अंशांस एक, अशी गणितानें निघते. निसानचा दिवस प्रत्यक्ष चंद्रदर्शनापासून मोजला जाई. ह्या बाबतींत त्याचें साम्य आपल्या चैत्राशीं नसून, पेशवाईंतील पत्रांवर ‘छ’ हें अक्षर घालून जो मुसलमानी चंद्र लिहीत त्याच्याशीं आहे. ‘छ १४ रबिलावल’ ह्यांतील चौदावा चंद्र जसा चंद्रकोर दिसलेल्या संध्याकाळपासून मोजावयाचा, तसाच चौदावा निसान. एकाच पत्रांत तिथि व छ हीं दोन्ही असलीं म्हणजे त्यांत कधीं कधीं एक दिवसाचा खटका येतो हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास पुढील सर्व वादाची गोम सहज कळेल.

चंद्रकोर दिसली हें ठरवीत कसें, ह्याचें वर्णन मिश्ना ह्या यहूदी धर्मशास्त्राच्या संग्रहांत आलें आहे. हा संग्रह इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला, आणि मंदिराचा नाश तर ७० सालींच झालेला होता. म्हणून त्यांतील सर्वच तपशील ख्रिस्ताच्या वेळचा धरतां येत नाहीं. तरी पण पद्धतीचें सामान्य स्वरूप त्यावरून कळतें. ज्यांनीं नवी कोर पाहिली असेल ते साक्षीदार यरुशलेमांत एका मोठ्या वाड्याच्या चौकांत जमत. त्यांनीं यावें म्हणून त्यांस तेथें भरपूर भोजन देत. न्यायसभा त्यांची उलटतपासणी घेई: कोर सूर्याच्या उत्तरेस होती कीं दक्षिणेस, किती उंच होती, कोणत्या बाजूस झुकली होती. रब्बान गमलिएलानें तर कोरीच्या निरनिराळ्या आकृति भिंतीवर काढून ठेवल्या होत्या व अडाणी साक्षीदारांस तो ‘अशी दिसली कीं अशी?’ म्हणून विचारी. साक्ष पटली म्हणजे महिना लागल्याचें जाहीर होई. पूर्वीं ही खबर जैतुनाच्या डोंगरावरून पुढें डोंगरोडोंगरीं जाळ पेटवून दूरवर पोंचवीत. परंतु शोमरोनी लोक खोटे जाळ पेटवून घोटाळा करूं लागल्यामुळें जासूद धाडण्याची चाल पडली. एकोणतिसाव्या दिवशीं संध्याकाळीं कोर दिसली नाहीं तर महिना तीस दिवसांचा होई. त्याहून मोठा मात्र होत नसे.

ह्याच प्रकरणांत एक गोष्ट आहे, ती कालगणनेच्या प्रत्येक अभ्यासकानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एकदां दोघा साक्षीदारांनीं कोर पाहिल्याचें सांगितलें, पण दुसरे रात्रीं, जेव्हां ती अधिक स्पष्ट दिसावयास हवी, तेव्हां ती कोणासच दिसली नाहीं. तरीही गमलिएलानें ती साक्ष मान्य केली. रब्बी यहोशवानें ती खोटी ठरविली व त्याच्या हिशेबानें प्रायश्चित्ताचा महान् उपवास एक दिवस पुढें जात होता. तेव्हां गमलिएलानें त्यास हुकूम केला कीं, तुझ्या हिशेबानें जो उपवासाचा दिवस येतो त्याच दिवशीं हातांत काठी व कमरेस पैशाची पिशवी घेऊन माझ्याकडे ये, म्हणजे तो दिवस उपवासाचा नाहीं हें कृतीनें कबूल कर. यहोशवा गेला. म्हणजे महिन्याची प्रतिपदा ही शेवटीं आकाशांत नसून न्यायसभेच्या निवाड्यांत होती. आजचा गणिती दोन हजार वर्षांपूर्वींची कोर कोणत्या संध्याकाळीं दिसूं शकत होती हें बहुतेक बिनचूक सांगूं शकतो. ती दिसल्याचें सभेनें त्याच दिवशीं मान्य केलें कीं नाहीं, हें त्याच्या सारणींत नाहीं. यास्तव अशा प्रत्येक तारखेस एक दिवसाची सूट ठेवणें प्राप्त आहे.

ह्याहून मोठी सूट अधिक मासाची. आपल्याकडे ज्या चांद्रमासांत संक्रांत येत नाहीं तो अधिक, असा निश्चित नियम आहे. यहूद्यांचा त्या काळचा नियम इतका बांधीव नव्हता. वल्हांडणाच्या वेळीं जंवाच्या नव्या कणसांची पेंढी अर्पावी लागे, म्हणून शेत पिकलें आहे कीं नाहीं, फळें तयार आहेत कीं नाहींत, वसंतसंपात होऊन गेला आहे कीं नाहीं, हें सर्व पाहून अदार महिना पुन्हा एकदां धरावा कीं काय हें न्यायसभा त्या त्या वर्षीं ठरवी. तालमुदांत गमलिएलाच्या एका पत्राची हकीगत आहे. परदेशस्थ यहूद्यांस तो कळवितो कीं, पारवे अजून कोंवळे आहेत, कोंकरें लहान आहेत व धान्यास कणीस धरलेलें नाहीं, म्हणून ह्या वर्षांत तीस दिवस वाढविणें आम्हांस इष्ट वाटलें. पारव्यांच्या पिलांवरून वर्ष तीस दिवसांनीं लांबतें तेथें केवळ ज्योतिषावर किती भार टाकावयाचा हें उघड आहे.

ह्या अनिश्चिततेस कंटाळून कित्येकांनीं आजचें यहूदी पंचांग मागें मोजीत नेलें. हा मार्ग सोपा, पण साफ चुकीचा होय. आजचें पंचांग एकोणीस वर्षांत सात अधिक मास धरणारें, मध्यम मानाच्या अमावास्येवर बसविलेलें, पूर्णपणें गणिती आहे. परंपरा तें चौथ्या शतकांतील दुसऱ्या हिल्लेलाच्या नांवावर घालते. पण त्याची घडी त्याहूनही सावकाश बसत गेली व नवव्या शतकांतही तें आजच्या रूपास पुरतें आलेलें नव्हतें, असें उपलब्ध पुराव्यावरून दिसतें. शिवाय त्यांत एक नियम असा आहे कीं, १५ निसान सोमवारीं, बुधवारीं वा शुक्रवारीं कधींही येऊं द्यावयाचा नाहीं. तसा योग आला तर वर्षारंभच मागें-पुढें सारतात. आतां पाहा: वाद हाच आहे कीं शुक्रवारीं १४ निसान होता कीं १५. ज्या पंचांगांत शुक्रवारीं १५ निसान येणेंच अशक्य, त्यावरून निकाल केला तर तो योहानाच्या बाजूनें लागणार हें आधींच ठरलेलें आहे. मोजण्याचे श्रम केवळ देखाव्याचे. मिश्नेच्या काळीं हा नियम नव्हता ह्याचा पुरावा मिश्नेंतच आहे. वल्हांडणाच्या कोंकराचीं हाडें व उरलेलें मांस १६ निसानला जाळावें, व १६ व्या दिवशीं शब्बाथ आला तर १७ व्या दिवशीं जाळावें, अशी तेथें आज्ञा आहे. १६ ला शनिवार येतो तेव्हां १५ ला शुक्रवार असतो. न्यूटनसारखा गणिती देखील अशा उत्तरकालीन नियमांच्या आधारानें चालला. त्याच्या मरणानंतर १७३३ सालीं छापलेल्या पुस्तकांत त्यानें २३ एप्रिल ३४, शुक्रवार, ही तारीख पसंत केली आहे. तिला आज फारसे अनुयायी नाहींत.

चक्र मागें फिरवून तारीख काढण्याचा ह्याहूनही जुना दाखला खुद्द ख्रिस्ती मंडळींत आहे, व तो आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. पश्चिमेकडील प्राचीन परंपरेंत ख्रिस्ताचा मृत्यु २५ मार्च रोजीं, दोन जेमिनस नांवाचे कॉन्सल होते त्या वर्षीं, म्हणजे इ. स. २९ मध्यें, झाला असें सांगत. २५ मार्च हा रोमन पंचांगांत वसंतसंपाताचा रूढ दिवस. त्या वर्षीं त्या तारखेस शुक्रवारही होता. हिप्पोलिटसच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या रोम येथील पुतळ्याच्या आसनावर वल्हांडणाच्या पौर्णिमांचें जें कोष्टक कोरलें आहे तें इ. स. २२२ पासून सुरू होतें; त्यांतही ह्या तारखेपुढें ख्रिस्ताच्या दुःखभोगाची नोंद आहे. कोष्टकाचें चक्र सोळा वर्षांचें. सोळा वर्षांनीं पौर्णिमा पुन्हा त्याच तारखेस येते असें कर्त्यानें धरलें, पण वस्तुतः ती तीन दिवस पुढें जाते. २२२ वरून २९ पर्यंत मागें जातां अशीं बारा चक्रें होतात व छत्तीस दिवसांची चूक सांचते. त्यांतून एक चांद्रमास वजा केला म्हणजे बाकी सहा-सात दिवसांची राहते. आणि खरोखरच, आजच्या गणितानें त्या वर्षीं मार्चांतील पौर्णिमा १८ तारखेच्या सुमारास झाली. २५ मार्च ही आपल्या भाषेंत कृष्णपक्षाची सप्तमी-अष्टमी येते. अर्धा चंद्र असतांना वल्हांडण होणें शक्य नाहीं. त्याच वर्षीं एप्रिलची पौर्णिमा घ्यावी तर १४ निसान रविवारीं वा सोमवारीं पडतो. म्हणजे २९ हें वर्ष सर्वस्वीं बाद झालें. कित्येक शतकें मान पावलेली तारीख एका चक्राच्या चुकीनें उभी होती, व तें पाडण्याचें काम पंचांगगणितानेंच केलें. पंचांगाची खरी शक्ति अशी खंडनांत दिसते.

आतां गणितानें उरतें काय तें पाहूं. हा हिशेब चंद्रदर्शनाचे नियम लावून फॉदरिंगहॅम ह्यानें १९३४ सालीं व पुढें हम्फ्रीज आणि वॉडिंग्टन ह्यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केला. इ. स. २७ मध्यें १४ निसान गुरुवार १० एप्रिल व म्हणून १५ निसान शुक्रवार ११ एप्रिल येतो. इ. स. ३० मध्यें १४ निसान शुक्रवार ७ एप्रिल. इ. स. ३३ मध्यें १४ निसान शुक्रवार ३ एप्रिल. इ. स. ३४ मध्यें अधिक मास झाला असें मानलें तर १५ निसान शुक्रवार २३ एप्रिल, ही न्यूटनची तारीख. न मानला तर निसान मार्चांतच येतो व वार जुळत नाहीं. इतर वर्षीं शुक्रवार आणावयाचा तर गणितास नाहीं नाहीं त्या सवलती द्याव्या लागतात. ३० व ३३ ह्या दोन वर्षीं अधिक मासाचा प्रश्न उद्भवत नाहीं. पौर्णिमा संपाताच्या पुढें दहा दिवसांहून अधिक गेलेली असल्यामुळें आणखी महिना वाढविण्यास कारण नव्हतें. ३३ सालची प्रतिपदाही निर्वेध आहे: युति १९ मार्चला दुपारच्या सुमारास, कोर २० च्या संध्याकाळीं. ३० सालीं मात्र युति २२ मार्चच्या सूर्यास्तानंतर झाली, तेव्हां २३ च्या संध्याकाळीं कोरीचें वय एक अहोरात्रही नव्हतें. ती २४ ला दिसली असें गणिती धरतात व त्यावरूनच ७ एप्रिलला १४ निसान येतो. ती २३ लाच कोणा तीक्ष्ण दृष्टीच्या साक्षीदारानें पाहिली असें मानलें तर तोच शुक्रवार १५ निसान होतो, आणि पहिल्या तीन शुभवर्तमानांचा पक्ष पुन्हा जिवंत होतो.

तथापि १४ निसानच्या बाजूस पंचांगाबाहेरचाही पुरावा आहे. शुभवर्तमानांहून जुन्या अशा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत पौल ख्रिस्तास वल्हांडणाचें कोंकरूं म्हणतो. हें रूपक कोंकरें मारण्याच्या दिवसाशींच शोभतें. तालमुदांतील एका प्रतिकूल आख्यायिकेंतही शिक्षेचा दिवस वल्हांडणाच्या आदला सांगितला आहे. आशिया मायनरमधील ख्रिस्ती मंडळ्या दुसऱ्या शतकांत वार कोणताही असो, १४ व्या दिवशींच सण पाळीत, व त्यावरून त्यांचा रोमच्या धर्मगुरूंशीं मोठा तंटा झाला. दोन्ही पक्षांचा मेळ घालण्याचा एक निराळा प्रयत्न १९५७ सालीं ॲनी जोबेर ह्या फ्रेंच विदुषीनें केला. मृत समुद्राकांठीं कुमरान येथें सांपडलेल्या गुंडाळ्यांत ३६४ दिवसांचें एक सौर पंचांग आहे. त्यांत वर्षाचे बरोबर बावन्न आठवडे असल्यामुळें १५ निसान दर वर्षीं बुधवारींच येतो. येशूनें हें पंचांग पाळून मंगळवारीं रात्रीं भोजन केलें व मंदिराच्या पंचांगानें शुक्रवारीं १४ निसान होता, असें तिचें म्हणणें. कल्पना चतुर आहे. परंतु येशू त्या पंथाचें पंचांग पाळीत असे ह्यास ग्रंथांत आधार नाहीं, आणि ३६४ दिवसांचें वर्ष ऋतूंशीं सव्वा दिवसानें दर साल चुकत जाणार ही अडचण निराळीच. साक्षींतील विरोध मिटविण्यासाठीं दोन पंचांगें कल्पावीं, त्यापेक्षां एका साक्षीदारानें भोजनास सणाचें स्वरूप दिलें असें मानणें आम्हांस सरळ वाटतें.

ग्रहणांचाही उपयोग करून पाहण्यांत आला आहे. मृत्यूच्या दिवशीं मध्यान्हापासून तीन तास अंधार पडला असें शुभवर्तमानें सांगतात. तो सूर्यग्रहणाचा असणें शक्य नाहीं, कारण वल्हांडण पौर्णिमेस व सूर्यग्रहण अमावास्येस; हा आक्षेप तिसऱ्या शतकांत जूलियस आफ्रिकानस ह्यानेंच घेतला होता. फ्लेगॉन नांवाच्या ग्रीक ग्रंथकारानें २०२ व्या ऑलिंपियाडच्या चौथ्या वर्षीं, म्हणजे ३२-३३ सालीं, भर दुपारीं तारे दिसावे असें ग्रहण व बिथिनियांत भूकंप झाल्याचें लिहिलें असून त्याचा पुष्कळांनीं आधार घेतला; पण त्या प्रदेशांत दिसलेलें खग्रास ग्रहण २४ नोव्हेंबर २९ चें आहे. उरतें चंद्रग्रहण. ३ एप्रिल ३३ रोजीं चंद्राचें खंडग्रहण झालें व यरुशलेमांत चंद्र ग्रस्तोदित उगवला, हें गणित खरें आहे. प्रेषितांचीं कृत्यें ह्या ग्रंथांत पेत्राच्या भाषणांत चंद्र रक्तासारखा होण्याचा उल्लेख येतो. तो ह्याच ग्रहणाचा, म्हणून ३३ हेंच वर्ष, असा हम्फ्रीज व वॉडिंग्टन ह्यांचा युक्तिवाद आहे. परंतु तो उल्लेख योएल संदेष्ट्याच्या जुन्या वचनांतून आलेला आहे. शिवाय उदयसमयीं ग्रस्त भाग थोडा उरलेला व आकाशांत संधिप्रकाश असल्यामुळें तांबडा रंग दिसलाच नसता, असें शेफर ह्या खगोलवेत्त्यानें १९९० सालीं दाखविलें. ग्रहणाचें गणित अचूक असणें ही एक गोष्ट, व ग्रंथांतील वाक्य त्या ग्रहणासंबंधीं असणें ही दुसरी. ह्यांची गल्लत आपल्याकडेही महाभारताच्या कालनिर्णयांत नेहमीं होते.

तेव्हां ७ एप्रिल ३० कीं ३ एप्रिल ३३, एवढाच प्रश्न राहतो, व तो सोडविण्यास राजवर्षांकडे वळावें लागतें. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानानें उपदेशास आरंभ केला तो तिबिर्याच्या पंधराव्या वर्षीं, असें लूक लिहितो. ऑगस्टस १९ ऑगस्ट १४ रोजीं वारला. तेथून सरळ वर्षें मोजलीं तर पंधरावें वर्ष ऑगस्ट २८ ते ऑगस्ट २९ असें येतें. पण सिरियाच्या बाजूस वर्ष शरदृतूंत बदले. तेथील रिवाजानें राज्यारोहणानंतरचे थोडेसे आठवडे हेंच पहिलें वर्ष धरलें तर पंधरावें वर्ष शरद २७ ते शरद २८ असें होतें. गत व वर्तमान शकांचा घोळ किंवा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस बदलणारा राज्याभिषेक शक ज्यांच्या हातांखालून गेला आहे, त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. योहानाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्ताच्या उपदेशकालांत तीन वल्हांडण येतात. सिरियाची मोजणी घेतली तर ते २८, २९ व ३० चे होऊं शकतात. सरळ मोजणी घेतली तर ३० सालापर्यंत ते मावत नाहींत व ३३ कडे जावें लागतें. तीनपैकीं पहिल्या वल्हांडणाच्या वेळीं मंदिराच्या बांधकामास ४६ वर्षें झालीं असें यहूदी म्हणतात. हेरोदानें तें काम इ. स. पू. २०-१९ मध्यें सुरू केलें, तेथून ४६ वर्षें इ. स. २७-२८ मध्यें भरतात व ३० सालास पोषक होतात. गाभारा पुरा झाल्यापासून ४६ वर्षें मोजावींत असा अर्थ ३३ चे पक्षपाती करतात. पण ज्या प्रसंगांत तें वाक्य आलें आहे तेथें बांधण्यास लागलेल्या श्रमांचाच मुद्दा आहे.

आमच्या मतें ह्या वादांत पौलाच्या चरित्राकडे जितकें लक्ष द्यावयास हवें तितकें पंचांगवाले देत नाहींत. करिंथ येथें पौलास ज्या गल्लियो सुभेदारापुढें उभें केलें, त्याचें नांव डेल्फी येथील एका शिलालेखांत क्लौद्य कैसराच्या बिरुदांसह आलें आहे, व त्यावरून गल्लियोची सुभेदारी ५१-५२ ची ठरते. त्याच्या आधीं यरुशलेमची परिषद झाली. ती ४८-४९ च्या सुमारास पडते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल आपल्या धर्मांतरानंतर तीन वर्षांनीं एकदां व पुढें चौदा वर्षांनीं पुन्हा यरुशलेमास गेल्याचें सांगतो. दुसरी भेट परिषदेचीच समजून हीं सतरा वर्षें, आरंभींचीं व शेवटचीं अपुरीं वर्षें पुरीं धरण्याच्या त्या काळच्या चालीनें जरा आंखडून घेतलीं, तरी धर्मांतर ३३-३४ च्या पुढें जात नाहीं. तत्पूर्वीं नव्या पंथाचा विस्तार, स्तेफनाचा वध, छळ व दिमिष्कापर्यंत मंडळ्यांची पांगापांग एवढें सर्व घडून गेलेलें आहे. ३ एप्रिल ३३ ही तारीख घेतली तर ह्या सर्वांस कांहीं महिनेच मिळतात. ७ एप्रिल ३० घेतली तर तीन वर्षें मिळतात. म्हणून २४ मार्चच्या संध्याकाळीं दिसलेल्या कोरीचा निसान व शुक्रवार ७ एप्रिल ३० हा पक्ष आम्ही अधिक सयुक्तिक मानतों. ३३ च्या पक्षकारांनीं पौलाच्या चौदा वर्षांत पहिलीं तीन अंतर्भूत आहेत असें दाखविलें पाहिजे, व गलतीकरांच्या पत्राचा तसा अर्थ लावणारे पंडितही आहेत. त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या वाक्यांतील ‘नंतर’ हा शब्द कोठून मोजावयाचा, ह्यावर आतां हा वाद येऊन ठेपला आहे.